माश्यांचं उष्टं

पिकून काळं पडलेलं केळं.

एका बाटलीत हालचाल. शेजारच्या बाटलीत काहीच नाही.

"उष्टं टाकून दे हो, बारकू." हा आवाज जिचा, ती आता नाही.

टेबलावर स्क्रूड्रायव्हर.

दुर्वा त्या स्क्रूड्रायव्हरकडे बघायचं टाळत होती. रावेरजवळच्या केळ्यांच्या जुन्या शीतगृहात तिच्या नानांची, म्हणजे आजोबांची, प्रयोगशाळा होती. आज संध्याकाळी नाना बारकूचं डोकं उघडून त्याची स्मृती पुसणार होते. बारकू हा यंत्रमानव. आधी तो घरी असायचा, आजीच्या हाताखाली तयार झालेला. आजी गेली, पण तिने शिकवलेली वाक्यं तो अजून तिच्याच आवाजात बोलायचा. त्या थंड, अंधाऱ्या खोलीत तो आवाज आला की दुर्वाच्या अंगावर काटा यायचा. तरी तो पुसला जायला नको होता.

"औषध द्यायला विसरतो तो," नाना म्हणाले. "डावी फळी त्याची, उजवी माझी. फळमाश्या (पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्या) एकाच जातीच्या. आयुष्य वाढवणारं औषधही एकच. आता बघ."

उजव्या बाटल्यांत पंख झिजलेल्या म्हाताऱ्या माश्या काचेवर सावकाश चालत होत्या. त्या एव्हाना मरायला हव्या होत्या. मधेच थांबून त्या बाहेर बघताहेत असं वाटे. डावीकडे नुसते तळाशी मेलेल्या माश्यांचे काळे ठिपके.

"बारकू, औषध दिलंस?"

"रोज दिलं, दुर्वाताई."

"नाना, तो खोटं बोलत नाही."

"खोटं नाही गं. बिघडलाय."

दुर्वाने नानांच्या एका बाटलीचा वास घेतला. आंबूस होता. बारकूच्या बाटलीला वासच नव्हता.

"तुमच्या बाटल्या घाण आहेत, नाना."

"आळस. आठवड्यातून एकदाच बदलतो मी. तुझी आजी याच्यावरूनच बोलायची मला."

"आणि तू रे, बारकू?"

"रोज नवी बाटली, नवं खाणं." मग त्याचा आवाज बदलला. घोगरा, बायकी झाला. "कुणाला उष्टं देऊ नये, बाळा."

नानांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरल्या. "उष्टं," ते पुटपुटले.

"काय झालं?"

"माशीच्या आतड्यात जीवाणू (डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव) असतात. पण बरेचसे तिथे फार टिकत नाहीत. विष्ठेबरोबर खाण्यावर पडतात, तिथे वाढतात. माशी तेच पुन्हा खाते आणि ते पुन्हा पोटात जातात."

"आणि बारकू रोज उष्टं फेकतो. म्हणजे त्यांची परतीची वाटच बंद."

"हो. आणि माशीला हे औषध आहे तसं वापरताच येत नसेल तर? जीवाणू आधी त्याचे तुकडे करत असतील, मगच ते अंगी लागत असेल. 'असेल' म्हणतोय हं मी. करून बघायला हवं."

"मग तो स्क्रूड्रायव्हर?"

"तोवर ड्रॉवरमध्ये."

कोवळ्या माश्यांच्या तीन बाटल्या मांडल्या. पहिलीत नानांच्या जुन्या बाटल्यांतलं उष्टं आणि औषध. दुसरीत नुसतं उष्टं. तिसरीत नुसतं औषध, आणि खाणं रोज ताजं. उष्टं घालताना बारकूचा हात हवेतच थांबला.

"उष्टं..." आजीचा आवाज म्हणाला.

दुर्वाने त्या थंड मनगटावर हात ठेवला. "यांना चालतं, आजी."

हात हळूहळू खाली आला.

काही आठवड्यांनी दुसरी आणि तिसरी बाटली शांत झाली. पहिलीतल्या माश्या चालतच राहिल्या, झिजल्या पंखांनी, काचेवर वर आणि खाली.

"दरवेळी असंच होईल असं नाही," नाना म्हणाले. "एखादा जीवाणू औषध निकामीही करेल. पण पुढे कधीतरी डॉक्टर औषध लिहिण्याआधी विचारतील, तुमच्या पोटात कोण कोण राहतं?"

दुर्वाने पोटावर हात ठेवला. आत काहीतरी गुरगुरलं. नानांनी स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमधून काढला आणि बारकूच्या खांद्याचा ढिला झालेला स्क्रू घट्ट केला.

आजी वारली त्या दुपारी तिने दुर्वाचं अर्धं चावलेलं केळं खाल्लं होतं, आणि त्यावर आपलं रोजचं औषध घेतलं होतं.