शिकाऊ गाडीची बॅटरी

सांगतो, पण यावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. माझ्या हातून एकदा एक बॅटरी विकली गेली, ती आजतागायत बसलेली नाही. ही काउंटरवरची माझी भाची आत्तापासूनच हसतेय. हसू दे. ती तेव्हा पाळण्यातही नव्हती. हे बॅटऱ्यांचं दुकान मी आणि तिची आई, म्हणजे माझी बहीण, अशी दोघं चालवायचो.

भर दुपार. मी डुलकी काढायच्या बेतात, तेवढ्यात दारात एक गाडी आली. आली कसली, ढकलत आणली. ढकलणारे सगळे शिकाऊ, आणि स्टिअरिंगवर त्यांना गाडी शिकवणारी – ती. उतरली, बाहीनं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "बॅटरी बसलीय."

"बसू द्या. तुम्हीही बसा."

तिनं अशी काही नजर टाकली, की हातातला पाना सुटून माझ्या पायावर पडला. दुखलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खरं तर बॅटरी निवडायला लागतो किती वेळ? खाचेत मावते का, प्लसचं टोक कोणत्या बाजूला... झालं. मी ते संध्याकाळपर्यंत ताणलं. एक आणायची, बॉनेटखाली धरायची, गंभीर चेहऱ्यानं मान हलवायची, परत आत न्यायची.

"ही मोठी घ्या, दमदार आहे."

"मला ट्रक नाही ओढायचा."

"मग ही?"

"ही मघाशी दाखवलीत. आता धूळ पुसून आणलीय."

पकडलं की हो तिनं! पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं...

"तुमच्या गाडीचं दुखणं जरा वेगळं दिसतंय," मी म्हणालो.

"दुखणं कसलं? रोज नवा माणूस बसतो आणि नव्यानं बंद पाडतो. परत चालू करा, परत बंद. मला न वैतागणारी बॅटरी हवीय. आहे तुमच्याकडे?"

अशी बॅटरी नसते, असा माणूस असतो, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे – अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. बाहेर पडलं ते भलतंच. "वॉरंटी आहे बरं का."

आता आमच्या धंद्याची रीत अशी, की पडून राहिलेला माल पुढं मांडायचा आणि आधी तोच खपवायचा. अशी बॅटरी लवकर मान टाकते, गिऱ्हाईक लवकर परत येतं. बहिणीनं कोपरानं ढोसलंसुद्धा, "पुढची दे रे, शहाण्या." तिला सगळं कळलं होतं. पण मी मागच्या फळीवरची उचलली, नवी कोरी, त्याच आठवड्यात आलेली.

बसवताना ती शेजारी वाकून उभी. तिच्या श्वासाला लिंबाच्या गोळीचा वास.

"घट्ट झालं?"

"अजून थोडं," मी म्हणालो. घट्ट केव्हाच झालं होतं.

किल्ली फिरवली, तशी गाडी एका हाकेत उठली. शिकाऊ मंडळी मागं दाटीवाटीनं बसली. तिनं काच खाली घेतली.

"मग... पुन्हा कधी?"

"बॅटरी बसली की या," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. काच वर गेली.

मग काय, वाट बघणं. कुणी ढकलत गाडी आणली की मी आधी स्टिअरिंगकडे बघायचो. ती कधी नसायचीच. असणार कशी? बॅटरी बसेचना. ती गाडी भंगारात गेली, बॅटरी दुसरीत घातली. दुसरी थकली, बॅटरी नाही. आता म्हणे वीज गेली की तिची अख्खी गल्ली त्याच बॅटरीवर उजळते, लोक पंखेसुद्धा लावतात. माझ्याच हातानं दिली हो मी. जरा जुनी, जरा वाईट दिली असती, तर... तर ती परत आली असती.

"मामा, पुरे." भाची आता हसत नव्हती. "ती आली होती. आईनं सांगितलंय मला. बाहेर गाडी चालूच ठेवून आत आली. बॅटरीबद्दल चकार शब्द नाही, तू आहेस का, एवढंच विचारलं. आणि तू पार्टिशनच्या मागून आईला हातानं खुणावत होतास – नाही म्हणून सांग."