आईचा पहिला नकार

तो स्टुलावर उभा होता आणि तोंडात दोन स्क्रू धरलेले होते, म्हणून पहिलं वाक्य मीच बोलले.

"आमच्या घरचा फोन बंद करायचाय. कायमचा."

त्याने स्क्रू काढून खिशात टाकले. "बिघडलाय?"

"छे! उत्तम चालतोय... तेच तर दुखणं आहे."

तो हसला. आधी डाव्या गालात, मग उजव्या. दुकान लहानसं, वायरींच्या भेंडोळ्यांनी भरलेलं, आणि त्या गर्दीत ते हसू उगाचच मोठं वाटलं.

दुखणं असं होतं. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. मी दिवसभर बाहेर, आई फोनजवळ. कुणाच्या अनाथाश्रमाचं छप्पर उडालेलं असायचं, कुणाच्या बाळाचं ऑपरेशन अडलेलं असायचं. आई प्रत्येकाला "बघते हं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी खरंच पैसे पाठवायची. मी चिडले की म्हणायची, "अगं, निदान 'कशा आहात' असं विचारतात तरी!" मग एकदा 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्या एका गोड आवाजाने तिच्याकडून कार्डाचे आकडे काढून घेतले आणि तिची बरीचशी शिल्लक एका दुपारीत नाहीशी झाली. त्या दिवसापासून आईने फोनवर उशी ठेवली. उशीखाली तो वाजला तरी ती दचकायची. आणि मला पंधरा दिवसांनी नोकरीच्या ट्रेनिंगसाठी वर्षभर दुसऱ्या गावी जायचं होतं. अशा आईला एकटं टाकून पाऊल उचलणार कसं?

"फोन बंद केलात तर तिकडून बोलणार कशा?" सगळं ऐकून तो म्हणाला. "एक डबी आहे. तिच्यात दहा नंबर भरायचे. त्या दहांचाच फोन घरात वाजतो. बाकीच्यांना त्यांच्या बाजूला रिंग ऐकू येते... तुमच्याकडे शांतता."

संध्याकाळी तो डबी घेऊन आला. पहिला नंबर माझ्या मोबाईलचा. मग मावशी, डॉक्टर, शेजारच्या काकू... आठवा त्याच्या मामांच्या दुकानाचा. नववी आणि दहावी जागा रिकामी राहिली.

"पण दारावर येणाऱ्यांना डबी अडवत नाही, काकू. तिथे तुम्हालाच 'नाही' म्हणावं लागेल. 'बघते' नको. त्यांच्या कागदावर 'बघते' म्हणजे 'हो'!"

आणि सुरू झाली शिकवणी. चार संध्याकाळी तो दाराबाहेर उभा राहून वेगवेगळे आवाज काढायचा. "नमस्कार ताई, आंधळ्या मांजरांच्या वसतिगृहासाठी—"

"अगंबाई! किती मांजरं आहेत हो?"

"काकू...!"

मग तो साखळी अडकवलेल्या दाराच्या फटीतून नियम सांगायचा. "साखळी काढायची नाही. अगदी 'मीच आहे' असं कुणी म्हणालं तरी आधी दुकानात फोन करून विचारायचं. आवाजाची नक्कल कुणीही करतं."

आई चहा टाकायला आत गेली की तो माझ्याकडे वळायचा. "तुम्हाला येतं का 'नाही' म्हणता?"

"मागून तर बघा."

"एका होतकरू कारागिराला रोज एक कप चहा..."

"नाही!"

"वा! काकूंपेक्षा तयार आहात."

"...साखर किती?" मी विचारलं, आणि स्वतःच लाजले.

शेवटच्या दिवशी तो जिन्यात उभा राहून हाताभोवती वायर गुंडाळत होता. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होता. "जायच्या आधी... एकदा फोन केला तर चालेल?"

"घरी करा. सातनंतर मी असते."

माझा मोबाईल नंबर त्यानेच डबीत भरला होता. पण गिऱ्हाइकाच्या यादीतला नंबर घ्यायचा नाही, हा त्याचा नियम. मला तो फार आवडला... आणि फार महागात पडला.

कारण फोन आलाच नाही. मी उशी काढली. फोन पुसला, पुन्हा पुसला. अर्धी भरलेली बॅग जवळ घेऊन बसले. एकदा वाजला तर धावत गेले — मावशी! आठ दिवस असे गेले. रविवारी मी निघणार होते.

शुक्रवारी घरी आले तर आई दारातच उभी. गाल लाल, डोळे चमकताहेत.

"अगं, आज मी 'नाही' म्हटलं!"

"कुणाला?"

"भामटा आला होता एक. म्हणे, 'काकू, मी दुकानातला, तुमच्या मुलीशी जरा खासगी बोलायचंय.' जिन्यात अंधार, चेहरा दिसेना; आवाज तर हुबेहूब त्याचा! पण मी साखळी काढलीच नाही. दुकानात फोन लावला. मामा म्हणाले, मी कुणालाच पाठवलेलं नाही, भाचा तर डोकं दुखतंय म्हणून घरी गेलाय. मग काय! ठणकावून सांगितलं, 'नाही म्हणजे नाही! परत आलास तर पोलिसांना बोलावीन.' धडाधड जिने उतरून पळाला, मेला!"

किती महिन्यांनी तिची पाठ अशी ताठ झाली होती. "आता तू खुशाल जा," ती म्हणाली.

मी धावतच दुकान गाठलं. मामा आत जेवत होते. तो दुकानात परत आलेला, काउंटरशी एकटाच, मान खाली घालून.

"आठ दिवस फोन का नाही केलात?"

"रोज केला. साडेसातला. वाजत राहायचा... वाटलं, हाच तुमचा नकार. तरी शेवटी दारापर्यंत आलो, तर काकूंनी—"

"फोन कुठून केलात?"

"माझ्या मोबाईलवरून. इथून कसा करणार, मामा समोर बसलेले..." तो थांबला. काउंटरवरच्या तसल्याच एका डबीकडे बघत राहिला. "अरे देवा. माझा नंबर यादीत नाहीये."

"नाहीये."

आम्ही इतके हसलो की मामांनी आतून विचारलं, काय झालं. डोळे पुसत मी म्हटलं, "चला, आईला सांगू, भामटा तुम्हीच होतात."

त्याने पटकन माझा हात धरला. पहिल्यांदाच.

"नको. पहिला 'नाही' आहे त्यांचा... राहू दे त्यांच्याकडे."

रविवारी मी गाडीत बसणार होते, वर्षभर हा माणूस दिसणार नव्हता. पण माझं ठरलं ते त्या क्षणी, त्या वायरींच्या पसाऱ्यात.

हात अजून त्याच्याच हातात. "एक मागू?" तो हळूच म्हणाला. "ती नववी जागा..."

"बघते हं," मी म्हटलं.

शनिवारी साडेसातला आमच्या घरी फोन वाजला. मी मुद्दाम जागची हलले नाही. आईने न दचकता उचलला आणि भामट्याची अख्खी गोष्ट त्यालाच ऐकवली.

आता ती गोष्ट आमच्या पिल्लाला रोज लागते. आजीच्या मांडीवर बसून. आजही चालू आहे. तो खाली बसून लेकीच्या खेळण्यातला फोन दुरुस्त करतोय, दोन स्क्रू तोंडात.

"पळाला मेला!" आई सांगते.

तो स्क्रू काढून हातात घेतो. "परत नाही आला, आई?"

"हिंमत आहे का त्याची!"

"खरंच," तो म्हणतो, आणि माझ्याकडे बघून हसतो. आधी डाव्या गालात, मग उजव्या.