समुद्राचा उच्छ्वास

जहाजावरच्या प्रयोगशाळेत पडद्यावर शून्य उमटलं आणि डॉ. केशर तांडेल चक्क टाळ्या पिटायला लागली. शेतांतलं खत वाहून समुद्रात यायचं, त्यावर विषारी शेवाळ माजायचं, मासळी मरायची. म्हणून तिने खतातलं नायट्रेट खाणारे जंतू घडवले आणि आपल्याच गावासमोर, वेळशीच्या समुद्रात सोडले. गाव त्यांना ‘केशरचं औषध’ म्हणायचं. ते नायट्रेट आज साफ संपलं होतं. अहो, पण थांबायचं कधी, हे जंतूंना कोण शिकवणार?

तिचे वरिष्ठ डॉ. परकार मात्र कपाळाला आठ्या घालून पडद्यावरचे आकडे पुन्हा तपासत होते.

"सर, निदान हसा तरी!"

"केशर, त्या खोल पाण्यात प्राणवायू नाही. तुझे जंतू श्वास कशावर घेतात?"

"नायट्रेटवर. आणि सोडतात निरुपद्रवी नत्रवायू. का?"

"आता नायट्रेट नाही. म्हणजे शेजाऱ्यांची पाळी. सल्फेटवर श्वास घेणारे जंतू तिथेच उपाशी बसलेत. आणि ते सोडतात..."

"हायड्रोजन सल्फाइड. जीवघेणा वायू!" केशर म्हणाली. समुद्रात सल्फेटला काय तोटा!

"करायला गेलो गणपती आणि झाला मारुती," परकार पुटपुटले. "तळाचं पाणी वेळशीच्या किनाऱ्याला वर यायला लागलंय. गावाला कळव."

तिने घाईघाईने आईला फोन लावला. तिचा आवाज खुशीत होता.

"अगं, तुझाच विषय चाललाय! सकाळी सडक्या अंड्यांचा काय तो वास, जीव नकोसा झाला होता. आता बघ, एकदम गेला. मासळी तर पायाशी चालून येतेय. सगळा गाव किनाऱ्यावर उतरलाय. गुणाचं गं बाई तुझं औषध!"

"आई, टेकडीवर पळा! सगळ्यांना घेऊन पळ, आत्ताच्या आत्ता!"

"वेडी का तू? म्हटलं ना, वास गेला."

"वास गेला नाही गं, आई! तो वायू वाढला की नाकच बधिर होतं. तुमची नाकं मेलीत!"

आई हसली. मग लाटांच्या आवाजात तिने दोनदा ‘अहो’ म्हणून हाक मारली.

"केशर," ती हळूच म्हणाली, "तुझे बाबा मासा उचलायला वाकले होते. अजून उठेनात गं."