घाटाचा एक्सल

"दगड लावा! मागच्या चाकाला दगड लावा!"

हबीबचाचांची आरोळी ऐकताच अरिबा, स्नेहल आणि रुद्र पिकअपमधून धडाधड खाली उतरले. पाण्याच्या टाकीसकट गाडी वळणावर हळूहळू मागे सरकत होती. रुद्रने एका चाकामागे दगड सारला, दोघी मुलींनी मिळून दुसऱ्यामागे. गाडी थांबली. क्लचचा जळका वास मात्र सगळ्यांच्या नाकात शिरला.

वणीच्या पुढे डोंगरावर कड्याची वाडी आहे. तिथली विहीर एप्रिलमध्येच आटते, म्हणून अरिबाचे चाचा नाशिकहून रिकामी टाकी घेऊन निघायचे, वणीला ती भरायचे आणि वाडीवर पोचवायचे. सुट्टी लागली की अरिबा आणि तिची ही दोन शेजारची मित्रमंडळी गाडीत ठरलेलीच! पाच उन्हाळे गाडी कधी अडली नव्हती. या आठवड्यात मात्र तिसऱ्यांदा अर्धं पाणी रस्त्यावर ओतून द्यावं लागलं.

वर वाडीत कुसाबाई रिकामे हंडे घेऊन उभ्याच होत्या. "आज बी निम्मंच? हबीबभाऊ, पोरं दोन दिस झाले आंघोळीबिगर हायेत."

चाचा खाली बघत म्हणाले, "आपा, माझ्याच्यानं आता होत नाही. शनिवारी गाडी विकून टाकतो."

अरिबाला धक्काच बसला. चाचा आणि गाडी विकणार?

"पण का?" परतताना तिने विचारलं.

"गोटीराम म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. माझाच पाय क्लचवरून उठत नाही. वय झालं बेटा. आज तुम्ही नसतात तर गाडी दरीत गेली असती."

गोटीराम म्हणजे दिंडोरी रोडवरचे गॅरेजवाले. मागच्याच आठवड्यात त्यांनी गाडीच्या मागच्या एक्सलची, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याची, तेलगळती काढून दिली होती. ते म्हणाले म्हणजे खरंच असणार, असं चाचा धरून चालले होते. मोठ्या माणसांचं एक बरं असतं, एकदा विश्वास ठेवला की तपासायचे कष्ट वाचतात!

रुद्र आपला सवयीने रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होता. मध्येच तो ओरडला, "ए, हे बघा! दहा दगड गेले, पण मीटर आठच किलोमीटर पुढे गेलंय!"

"झोपला असशील मध्ये," स्नेहल म्हणाली.

"तूच मोज मग!"

स्नेहलने मोजले. पुन्हा दहा दगड, पुन्हा आठ किलोमीटर.

"मीटर बिघडलं असेल," चाचा म्हणाले.

"बिघडलेलं मीटर इतक्या शिस्तीत चुकतं?" स्नेहलने भुवया उंचावल्या. "आणि गळती काढायच्या आधी बरोबर होतं ना?"

अरिबाचे डोळे चमकले. "म्हणजे गोंधळ गॅरेजमध्येच झालाय! उद्या सकाळी तिकडे जायचं."

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन तिघं गॅरेजवर पोचली, तर तिथे आधीच भांडण पेटलेलं! हुबेहूब तशीच पिकअप उभी होती आणि तिचा मालक योगेश, जो मनमाडकडे पार्सल नेतो, तावातावाने बोलत होता.

"गोटीरामशेठ, साठच्या वर गेली की गाडी नुसती बोंबलते! डिझेल लय पिते! आणि काल ऐंशी किलोमीटर गेलो, तर मीटर म्हणतं शंभर!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका," अरिबाने हळूच विचारलं, "तुमच्या गाडीचं काम कधी झालं?"

"मागच्या सोमवारी."

"आमचंही! दोन्ही एक्सल एकाच दिवशी खाली काढले होते?"

"हो, मग?" गोटीराम छाती फुगवून म्हणाले. "दोन्ही धुऊन, काळा रंग मारून बसवले. आपल्या गॅरेजमधून गाडी निघाली की खालूनसुद्धा चकाचक!"

"आणि रंग मारल्यावर कुठला कुणाचा, ते कसं ओळखलं?"

"अगं, दोन्ही सारखेच! एकाच कंपनीच्या गाड्या!"

"बाहेरून सारखे," स्नेहल म्हणाली. "आतल्या चक्रांना किती दात आहेत, ते कुठे दिसतंय?"

अरिबाने चाचांच्या गाडीच्या कप्प्यातून कंपनीचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं: चाकाचा एक फेरा होताना इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट पाचवर थोडे फेरे घेतो. योगेशच्या पुस्तकात मात्र चारवर थोडे.

"मोजूनच बघू की!" रुद्र म्हणाला.

सपाट जागेवर चाचांची गाडी न्यूट्रलला टाकली. टायरवर खडूची रेघ, शाफ्टवर खडूची रेघ. चाचा ब्रेकपाशी बसले, योगेश आणि मुलींनी गाडी हळूहळू ढकलली. रुद्र लांब बाजूला पालथा पडून मोजू लागला. "एक... दोन... तीन... चार... आणि थोडासा! चाकाचा फेरा पूर्ण! थांबा!"

योगेशची गाडी ढकलली. "पाच आणि थोडा!"

"अदलाबदल!" तिघं एकदमच ओरडली.

गोटीराम कपाळाला हात लावून खालीच बसले. "पण एवढ्या फरकानं गाडी घाट चढणार नाही?"

"माझ्या गियरच्या सायकलसारखंच आहे काका," स्नेहल म्हणाली. "चढावर मी हलका गियर टाकते. पाय जास्त फिरवावे लागतात, पण चढ निघतो. तोच गियर सपाट रस्त्यावर ठेवला तर पाय मारून मारून दम लागतो आणि वेग काही येत नाही. योगेशकाकांच्या गाडीचं तेच झालंय, आणि चाचांची गाडी जड गियरवर घाट चढतेय!"

चाचा पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "गाडी घेताना शोरूमवाल्यानं दोन्ही दाखवले होते. मी मुद्दाम हा मागितला. म्हटलं, हायवेला हळू गेली तरी चालेल, पण भरलेली टाकी घेऊन वाडीवर चढली पाहिजे." त्यांनी पुस्तक मिटलं. "आणि मी समजत होतो, माझाच पाय..."

अरिबाने त्यांचा हात घट्ट धरला. तिला रडू येत होतं आणि हसूही.

गोटीराम उठले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. "हबीबभाई, चूक माझी. न तपासता तुमच्यावर ढकललं. आज दुसरं काम नाही!" संध्याकाळपर्यंत एक्सल आपापल्या गाडीखाली गेले. या वेळी रंग मारण्याआधी दोन्हींवर नावं कोरली गेली.

शनिवारी गाडी विकायची होती. शनिवारी ती वणीला काठोकाठ भरून घाटाला लागली. त्या वळणावर रुद्र दगड घेऊन तयारच बसला होता. इंजिन घुमलं, चाचांनी गियर बदलला आणि गाडी दमादमाने वळण पार करून गेली!

"दगड टाक आता खाली!" अरिबा हसत ओरडली.

वाडीत सगळे हंडे भरले, तरी टाकीत पाणी उरलं. कुसाबाईंनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाची लेकरं! मोठ्यांना दिसलं नाय ते यांना दिसलं." मग त्या चाचांकडे वळल्या. "आन् हबीबभाऊ, गाडी विकायची म्हनत होता ना?"

"विकायची?" चाचांनी चावी खिशात टाकली. "उद्या किती वाजता पाणी आणू, ते सांगा आपा!"