धावपट्टी संपण्याआधी

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, तरी जयपूरच्या जवाहर नगरातल्या तारांवर कटलेले पतंग अजून लटकतच होते. मांजा गळ्याला लागू नये म्हणून गौतमीने ओढणीचे दोन वेढे घेतले होते. त्याच अवतारात, एका फाटकाशी स्कूटी लावून, ती फोनवर वडिलांची समजूत घालत होती.

“बाबा, ऐका ना... स्टिअरिंग नाही, थ्रॉटल! विमानाचा जोर कमीजास्त करायचा दांडा. हो, हातात धरायचाच. म्हणून तर घेतेय.”

फोन ठेवला आणि मागून आवाज आला, “तुम्ही — मतलब — मराठी आहात?”

फाटकात एक तरुण उभा होता. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली कसलीशी वस्तू त्याने बारशाच्या बाळासारखी जपून धरली होती.

“आणि जाहिरात टाकणारे निलय तुम्हीच?”

“मीच. पण थांबा... घराबाहेर कुणी ‘बाबा, ऐका ना’ म्हटलेलं ऐकून किती वर्षं झाली, सांगू?”

निलयचे वडील साताऱ्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून जयपुरातच निवृत्त झालेले. त्याचं मराठी निम्मं आईकडून आलेलं, निम्मं छावणीच्या मैदानावर सांडलेलं. आईवडील इथे जवाहर नगरात, तो मात्र शहराबाहेर बस्सीला राहायचा. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो घरी कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या हौशी लोकांसाठी दांडे आणि बटणांच्या पाट्या बनवायचा. टॉवेलातला थ्रॉटल त्याने स्वतःसाठी केलेला होता.

“मग विकताय का?”

“एक मार्चला हैदराबाद. वैमानिकांना शिकवायचे मोठे सिम्युलेटर असतात, ते सांभाळायची नोकरी. तिथे खोली मिळेल एवढीशी.”

एक मार्च. गौतमीने तारीख ऐकली आणि सोडून दिली. तिला काय करायचं होतं त्या तारखेशी!

तिला पडली होती वडिलांची. आनंदरावांनी बत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं होतं. मूळचे अकोल्याचे, बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. गेल्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, तेव्हा त्यांना इंजिनवरून उतरवून टेबलामागे बसवलं गेलं. तेव्हापासून त्यांचं बोलणं ‘हूं’वर आलं होतं. गौतमीने आधी कॉम्प्युटरवर रेल्वेचाच खेळ लावून दिला. पाच मिनिटांत त्यांनी तो बंद केला. “जे खरं केलं, त्याचं खोटं काहून करू?” मग तिने विमान लावलं, आणि ते मात्र त्यांना आवडलं. तक्रार एकच, हाताला धरायला काही नाही.

त्या संध्याकाळी थ्रॉटल जोडला. पडद्यावर जयपूरचा विमानतळ, विमान शांत उभं, दांडा पार खाली. आणि विमान आपसूक मागे सरकू लागलं.

“हे शंटिंग करून राह्यलं का वं?” आनंदराव म्हणाले. महिन्याभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. गौतमीने हसत हसतच निलयला लिहिलं, ‘तुमचं विमान मागे चाललंय.’

उत्तर लगेच आलं. ‘आता ते तुमचं. रविवारी येऊ?’

रविवारी तो तीसेक किलोमीटर मोटारसायकल हाणत रेल्वे कॉलनीत आला. कॉम्प्युटर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली होता. आनंदराव “जय भीम” म्हणाले, तो “जय भीम, काका” म्हणाला आणि सरळ टेबलाखाली शिरला. गौतमी टॉर्च धरून बसली.

“कॉम्प्युटरला वाटतंय, दांड्याचा मध्य म्हणजे शून्य. त्यामुळे मध्याच्या खाली आलात की उलटा जोर सुरू. आपल्याला शून्य इथे पाहिजे, या खाचेत.”

“आणि उलटा जोर कुठे?”

“खाचेच्याही मागे. पण दांडा असाच मागे जात नाही. बघा, ही कडी आधी वर उचलायची, मग ओढायचं. चुकून होऊ नये म्हणून.”

“म्हणजे ठरवूनच करावं लागतं.”

“हो. आणि चाकं टेकल्यावरच. हवेत नाही.”

“तुम्ही सगळं असं ठरवूनच करता?”

“कुठे! आज नऊला निघायचं ठरवलं होतं... सातलाच निघालो.” त्याने डोळे किलकिले केले. “टॉर्च तारांवर धरता का? डोळ्यांत येतोय.”

टॉर्च त्याच्या चेहऱ्यावर कधी गेला, ते गौतमीला कळलंच नव्हतं.

विमान आता मागे जाईना. निलयने एकदा उतरवून दाखवलं. चाकं टेकली, कडी वर, दांडा मागे, इंजिनं गरजली आणि विमान निम्म्या धावपट्टीत थांबलं. मग आनंदराव बसले. उतरवलं फार सुरेख. ब्रेक मात्र आगगाडीसारखा हलक्या हाताने लावला, प्रवाशाच्या कपातला चहाही हलू नये असा. धावपट्टी संपली, विमान गवतात गेलं.

“काका, दांडा मागे ओढला ना?”

“हूं.”

“मग कुठेतरी लूज कनेक्शन असणार,” निलय गंभीरपणे म्हणाला. “पुढच्या रविवारी स्प्रिंग घेऊन येतो.”

स्प्रिंग आली, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तो पाठमोरा बसून पेचकस फिरवत असताना गौतमी त्याच्या मानेवरचा उन्हाचा पट्टा बघत बसली. आईने केलेलं झुणक्याचं ताट त्याने बोटं चाटत संपवलं. विमान पुन्हा गवतात गेलं. पण या वेळी गौतमी पडद्याकडे बघत नव्हती, वडिलांच्या हाताकडे बघत होती. हात दांड्यापर्यंत गेला, कडीला बोट लागलं... आणि तिथेच थांबला.

तिला लख्ख कळलं. रेल्वेच्या इंजिनावरही पुढे की मागे ठरवणारा एक दांडा असतो, रिव्हर्सर. चालत्या गाडीत त्याला हात लावायचा नाही, हे तर लहानपणी तिलाही पाठ होतं. बत्तीस वर्षं ज्या हाताने तो नियम पाळला, तो धावत्या विमानात रिव्हर्स कसा ओढेल? थ्रॉटल ठणठणीत होता.

हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण सांगितलं की दुरुस्ती संपणार... आणि दुरुस्ती संपली की रविवार संपणार. गौतमीला निलय आवडला होता, फार आवडला होता, आडपडदा कशाला ठेवा! ती म्हणाली, “वायर बदलून बघायची का?”

“बदलू या की,” तो एवढ्या चटकन म्हणाला की आई ताट उचलता उचलता थबकली.

“काय गं,” तो गेल्यावर आईने विचारलं, “एका स्प्रिंगपायी पोरगा बस्सीहून येतो?”

“अगं, नाजूक काम असतं ते!” गौतमी उगीचच जोरात म्हणाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

वायर झाली, मग खटका झाला. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार उजाडला. निलयला उशीर होता. गौतमी स्वयंपाकघरात उभी होती आणि बाहेर आनंदराव आईला हळू आवाजात सांगत होते, “त्या पोराचं काम चोख हाय. माहाच हात उठत नाही. डोये गेले होते, आता हातबी कामातून गेले म्हणायचे.”

आपल्या चार रविवारांसाठी गौतमीने बापाला महिनाभर गवतात जाऊ दिलं होतं.

निलय आला, तसं तिने त्याला जिन्यातच गाठलं.

“थ्रॉटल बिघडलेला नाही. बाबा कडीच उचलत नाहीत. मला दुसऱ्या रविवारीच कळलं होतं, आणि मी... बोलले नाही. आता तुला जायचं तर जा, पण आधी बाबांना समजावून सांग. मला त्यातलं नीट येत नाही.”

निलयने तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याच्या कठड्याकडे. “दांडा किती हलला, ते कॉम्प्युटरवर दिसतं, गौतमी. काकांनी तो मागे घेतलाच नाही, हे मला पहिल्याच रविवारी दिसलं.”

“मग ती स्प्रिंग?”

“चांगली होती.”

“वायर? खटका?”

“सगळं चांगलं होतं. मला वाटलं, काका थकलेत, महिन्याभरात आपोआप ओढतील... आणि नाहीच ओढलं, तर मला यायला मिळेल.” त्याचे कान लाल झाले होते. “पण ते मनाला एवढं लावून घेतील, हे नाही कळलं.”

रागवावं की हसावं, हे तिला ठरवता येईना. दोघं आत गेले.

निलय आनंदरावांच्या शेजारी खाली जमिनीवर बसला. “काका, माफ करा. आधीच सांगायला पाहिजे होतं. रिव्हर्स म्हणतात, पण विमानाचं इंजिन उलटं नाही फिरत. ते जसं फिरतं तसंच फिरत राहतं. फक्त मागे जाणारी हवा पुढे वळवतात. काही तुटत नाही, काही जळत नाही.”

“इंजिन उलटं फिरत नाही?”

“नाही, काका.”

“मंग आधी काहून नाही सांगितलं बाप्पा!” आनंदराव म्हणाले. वर्षभरानंतर त्यांच्या आवाजाला धार आली होती. “मले वाटे, एवढ्या वेगात रिव्हर्स घेतला की इंजिनाचा भुगा होते.”

विमान जयपूरवर आलं. चाकं टेकली. आनंदरावांचा हात दांड्यावर गेला, कडीपाशी थांबला. बोट हळूच वर झालं, कडी उचलली गेली, आणि दांडा मागे आला. इंजिनं अशी गरजली की आई पोळपाट टाकून धावत आली. धावपट्टी बरीच शिल्लक असताना विमान थांबलं.

आनंदराव आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तो पुसला, उगीच, लुंगीला. त्यांचे डोळे भरले होते.

गौतमी बाल्कनीत सटकली. निलय मागोमाग आला. खाली मालगाडी चालली होती, ती संपेपर्यंत दोघांनाही बोलता येईना, आणि ते बरंच झालं.

“परवा निघणार?” तिने विचारलं.

“हं. दर रविवारी नाही जमणार आता. महिन्यातून एकदा येईन... पण येताना काय बिघडलंय म्हणून सांगायचं?”

“काहीच नाही.” तिने कठड्यावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. ठरवून ठेवला. “माझ्यासाठी आलोय म्हणून सांग. मला तू हवा आहेस, निलय.”

त्याने हात उलटा करून तिची बोटं धरली. “मराठीत नीट सांगता येत नाही मला... पण मलाही. पहिल्या दिवसापासून. ‘बाबा, ऐका ना’ ऐकलं, तेव्हापासून.”

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

आतून बटणांची खटखट ऐकू येत होती. आनंदराव पुढच्या उड्डाणाची तयारी करत होते.

“पोरा,” त्यांनी तिथूनच हाक मारली, “हैदराबादची धावपट्टी किती लांब हाय रे?”