निळी नखं

दार लोटून घ्या रे, आणि मध्येच कुणी हसायचं नाही. आपल्या मंडी मोहल्ल्यातल्या रणोजीरावांच्या घरी घडलेलं आहे हे. पटत नसेल तर त्यांनाच विचारा. नको, त्यांना मात्र विचारू नका.

गेल्या वर्षी दसरा होऊन तिसरी रात्र. साडेबाराच्या सुमारास रणोजीराव दवाखान्यातून स्कूटरवर घरी निघाले. रस्त्यावर रोषणाईच्या माळा उतरवायचं काम चालू होतं. त्यांची पाच वर्षांची नात सुप्रीता दवाखान्यात होती आणि नाकात नळ्या घालताना तिनं दसऱ्याच्या बाहुल्यांच्या आराशीत मांडलेली निळ्या लुगड्याची बाहुली मागितली होती. ती आणायची, एवढंच काम.

ते लुगडं रणोजीरावांनीच रंगवलेलं. घराणं रंगाऱ्यांचं. धंदा केव्हाच बुडाला, पण बाहुल्यांची वस्त्रं दर दसऱ्याला घरीच रंगवायची हा नेम त्यांनी मोडला नव्हता. सुप्रीतानंही निळीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातले होते. पुढे तिला ताप आला, उतरला. पोर दमल्यासारखी पडून राही, जेवेना. नखं निळी दिसत होती. रणोजीराव हसले, नीळ ती, इतक्यात कुठली जायला! लिंबू घेऊन दोन दिवस तिची बोटं चोळली. मग ओठही निळे दिसले, तेव्हा त्यांचं धाबं दणाणलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तापाचा विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरलाय. हृदय सुजलंय, त्याला रक्त पुढे ढकलता येत नाहीये. काही मुलं यातून पूर्ण बरी होतात."

"दोन दिवस आधी आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही, रावसाहेब."

हेच त्यांना खात होतं. बाईंनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घराचं कुलूप काढलं. आत अंधार. न्हाणीघरात नळ चालू होता.

"कोण आहे?"

नळ बंद झाला.

ते दारापर्यंत गेले. लिंबाचा वास... दगडी डोणीपाशी कुणीतरी पाठमोरं. एवढंसं. टॉवेलला हात पुसत होतं.

"ताता, नोडु. बघ." तिनं आजोबांपुढे हात वर केले. "होय्तु. रंग गेला."

नखं गुलाबी. अंधारातही दिसत होती.

"सुप्री... तू कशी आलीस?"

"आता नको चोळू, हं?"

खिशातला फोन वाजला. मुलगा होता, रविकिरण. बोलेना... नुसता श्वास. मग हुंदका.

रणोजीरावांनी मान वर केली.

कुणी नव्हतं.

बाहुली घेऊन ते दवाखान्यात गेले. तोंडावरून ओढलेली चादर सारून आधी तिची बोटं पाहिली. नखं निळीच होती. तिथंच खाली बसून म्हातारा ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी सुनेला, सुमाला, न्हाणीघरात तो पांढरा टॉवेल सापडला. त्यावर चिमुकल्या बोटांचे निळे डाग. पिंपातली नीळ तर आदल्या आठवड्यातच ओतून दिली होती. सुमानं टॉवेल साबणाच्या पाण्यात उकळला, लिंबू लावलं. डाग हलेना. शेवटी रणोजीरावांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. नको चोळू."

अजून खुंटीला आहे. मी पाहिलाय.