दुसऱ्या घरातली प्रत

"एकच द्या," मी म्हणाले.

"एक नको, दोन द्या त्यांना," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. हातात वायरींचं भेंडोळं, शर्टाच्या खिशाला पेनासारखा अडकवलेला छोटा स्क्रूड्रायव्हर... आणि चेहऱ्यावर, आपण न विचारता बोललो याची जरा उशिराच आलेली जाणीव.

"माफ करा, सवय आहे. कोणी एकच हार्ड डिस्क घेताना दिसलं की मला राहवत नाही."

"आणि दोन घेतल्या तर?"

"तर एक गेली तरी दुसरी असते. ही जोडीनंच घ्यायची वस्तू आहे."

"हे तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"सगळ्यांना. पण इतकं रोखून कोणी बघत—" तो अडखळला. "म्हणजे... इतकं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही."

दुकानदार गालातल्या गालात हसला. "हा घरोघरी स्टोरेजच्या पेट्या बसवत फिरतो. याच्या तोंडी लागू नका बाई, घरी येऊन बसेल."

तिसऱ्या दिवशी तो घरी येऊन बसला.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं ऑफिस. ते घरांचे नकाशे काढायचे. फेब्रुवारीत ते गेले आणि खुर्चीवर मी आले. अकरा हार्ड डिस्क बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरातल्या, तारीख घातलेल्या चिठ्ठ्या होत्या, पण त्यांवर गिऱ्हाईकांची नावं नव्हती, बाबांना त्या घराचं जे आठवायचं ते होतं. 'जिना दोनदा बदलला.' 'सासूबाईंना वेगळं दार.' दहा वर्षांनी कोणी वरचा मजला चढवायला आलं की मी डबा उपडा करून बसायची.

त्यातली एक डिस्क हल्ली टकटक आवाज करत होती. तिच्यात नकाशे थोडे आणि बाबांचा आवाज जास्त होता. जागेवर मोजमाप घेताना ते फोनवर बोलून ठेवायचे आणि मी इथे बसून उतरवून घ्यायची. डिस्क विकत घ्यायला मी गेले होते ती या आवाजासाठी. हे मी त्याला सांगितलं नाही.

त्यानं टेबलावर काळी पेटी ठेवली. "यात दोन डिस्क. जे लिहाल ते दोन्हींवर एकदमच लिहिलं जातं. घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून, फोनवरून उघडता येईल."

आई दारातून म्हणाली, "एवढ्याशा पेटीत यांनी काढलेली सगळी घरं?"

"काकू, अजून चार गल्ल्या मावतील."

त्या दिवसापासून आई त्याला पेटीवाला म्हणू लागली.

टकटकणारी डिस्क त्यानं पेटीत उतरवायला सगळ्यात आधी घेतली. टेबल हलू नये म्हणून पायाखाली पुठ्ठा सारला, डिस्कखाली घडी केलेला रुमाल ठेवला. "आता हिला हात लावायचा नाही. श्वाससुद्धा जपून."

"किती वेळ?"

"चार तास."

"चार तास श्वास रोखून?"

"मध्ये चहाची सुट्टी मिळेल," तो गंभीरपणे म्हणाला.

चार तासांनी टकटक थांबली. सगळं पेटीत आलं होतं. फाइली त्यानं उघडल्या नाहीत. "एखादी तुम्हीच बघा, नीट आली का." मी कानाला हेडफोन लावले. वारा, टेप सरकल्याचा आवाज, आणि मग— "पूर्वेची भिंत, तीन मीटर वीस... लिहिलंस का गं?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तो आधीच गुंडाळून झालेली वायर सोडून पुन्हा गुंडाळू लागला. बराच वेळ गुंडाळत होता.

मग खाती उघडायची होती. "पेटी कोण कोण वापरणार?"

"मी, आई... आणि बाबा."

त्यानं नुसती मान हलवली. "त्यांना फाइली फक्त बघता याव्यात, की बदलतासुद्धा?"

"बदलतासुद्धा."

त्यानं तिसरं खातं तयार केलं. मीच मग म्हणाले, "ते नाहीत. तुम्हाला सांगायला हवं होतं."

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "चिठ्ठ्यांवरच्या तारखा फेब्रुवारीत थांबल्यात."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली नाही... मीच वळवली.

"आता एकच राहिलं," तो म्हणाला. "पेटी चालू असताना गिऱ्हाईकानं स्वतःच्या हातानं एक डिस्क बाहेर ओढायची. त्याशिवाय मी काम झालं म्हणत नाही."

"ही कसली रीत?"

"मी करून दाखवलं तर लोक मान डोलवतात आणि घाबरलेलेच राहतात. स्वतः ओढली की विश्वास बसतो."

"आणि काही झालं तर?"

"आजवर झालेलं नाही. एवढंच सांगू शकतो."

मी हात पुढे नेला आणि मागे घेतला. "आज नको."

"आज नको," तो लगेच म्हणाला. फारच लगेच.

काम अपुरं राहिलं, म्हणून तो दर शनिवारी येऊ लागला. एकदा त्यानं आमचा प्रिंटर दुरुस्त केला, एकदा आईचा फोन, एकदा तर ऑफिसच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी. मीही काही कमी नव्हते.

"पेटी आवाज करते."

"कसला?"

"घुर्र... असा."

"ती घुर्रच करते."

"जरा जास्त करते."

तो गुडघे टेकून पेटीला कान लावायचा. "हो, जरा जास्तच. पुढच्या शनिवारी बघायला हवं."

पाचव्या शनिवारी चहाचे कप ठेवत आई म्हणाली, "अहो पेटीवाले, लोकांची लग्नं याहून लवकर उरकतात."

आम्ही दोघांनी एकदमच पेटीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी भांडी पुसताना आईनं विचारलं, "तू नक्की कशाला घाबरतेस? बाबांचा आवाज जाईल म्हणून, की तो यायचा थांबेल म्हणून?"

सुरुवातीला पहिलंच होतं. आता नव्हतं, आणि तरी मी दर शनिवारी बाबांचं कारण पुढे करत होते. त्यांच्या आवाजाआड लपणं मला बरं वाटेना.

पुढच्या शनिवारी त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आत मी म्हणाले, "आज ओढते."

"आज?" त्याचा चेहरा उतरला, मग त्यानं तो सावरला. "बरं. आज."

मी बाबांचं रेकॉर्डिंग लावलं, या वेळी हेडफोनशिवाय. आई दाराला टेकून उभी राहिली. बाबा बोलत होते आणि मी डिस्क ओढली.

पेटी किंचाळली. हिरव्या दिव्यांपैकी एक नारिंगी झाला. माझ्या हातात डिस्क कोमट लागत होती... आणि बाबा एक अक्षरही न अडखळता सांगत होते, "मागचं दार अजून रुंद हवं, त्यांचं कपाट मोठं आहे. लिहिलंस का गं?"

"लिहिलं हो," आई म्हणाली, आणि पदरानं चष्मा पुसत आत गेली.

त्यानं माझ्या हातातली डिस्क घेऊन जागेवर बसवली. बोटांना बोटं लागली, कोणीच घाई केली नाही. "संध्याकाळपर्यंत ही पुन्हा पहिल्यासारखी भरेल." मग त्यानं कामाचा छापील कागद काढला आणि एकेका ओळीवर खूण करत आला. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं.

"दोन्ही डिस्क एकाच घरात आहेत. पाणी शिरलं, आग लागली, तर दोन्ही जातील. म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवायची असते. भाऊ, बहीण, मैत्रीण... कोणाकडे ठेवाल?"

"तुमच्याकडे."

त्यानं वर पाहिलं. "गिऱ्हाईकांच्या प्रती मी घरी नेत नाही."

"मी गिऱ्हाईक म्हणून सांगत नाहीये."

पेटी घुर्र करत होती. नेहमीइतकीच.

"ती दर आठवड्याला ताजी करावी लागते," तो अगदी सावकाश म्हणाला. "नाहीतर उपयोग नाही. म्हणजे... कोणीतरी यायचं, कोणीतरी जायचं."

"एक शनिवार तुम्ही या, एक शनिवार मी येते."

त्यानं कागदावर स्वतःचा पत्ता लिहिला. सवयीनं पुढचा रकाना मोठ्यानं वाचला, "प्रत ठेवणाऱ्याशी नातं—" आणि कानापर्यंत लाल झाला.

"लिहा ना," मी म्हणाले.

"मला जे लिहायचंय ते... या रकान्यात मावणार नाही."

"मग मागच्या बाजूला लिहा."

त्यानं कागद उलटला, खुर्ची टेबलाजवळ ओढली, आणि खरंच लिहायला बसला. पहिलं वाक्य त्यानं माझ्यावरून नजर न काढताच लिहिलं, त्यामुळे ओळ वाकडी गेली. कपातला चहा निवला होता. मी दुसरा ठेवायला उठले... सावकाश. त्याचं पान अजून अर्धंही भरलं नव्हतं.